मोठ्या सरोवराकाठी मुक्काम: आधी वारा, मग जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन कुटुंबं, चार मोठी माणसं, तीन मुलं, त्यातलं धाकटं पाच वर्षांचं. एका घराकडे तंबू आहे, दुसरं घर मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेणार आहे. एका मोठ्या सरोवराकाठी चार रात्री राहायचं आहे. कधी जावं, जागा कशी निवडावी आणि तयारी कशी करावी?

तंबू आणि मोटरहोम ही जोडी फार चांगली आहे, ती कशी वापरायची ते पुढे सांगते. पण सुरुवात सामानापासून करत नाही. पातेलं विसरलं तर शेजारच्या तंबूतून मागून आणता येतं. जागा चुकली तर चारही रात्री तिथेच काढाव्या लागतात. गेली वीसेक वर्षं मी दोन्ही प्रकारांनी सरोवरांकाठी राहत आले आहे, आणि मला एकच गोष्ट सांगायची मुभा असेल तर ती ही: नकाशा उघडल्यावर आधी वाऱ्याची दिशा शोधा, देखावा नंतर बघा.

कारण मोठं सरोवर समुद्रासारखं वागतं. उत्तर अमेरिकेतलं सुपीरियर सरोवर सुमारे 82,000 चौरस किलोमीटर पसरलेलं आहे, त्याची लांबी 560 किलोमीटरच्या आसपास आणि जास्तीत जास्त खोली 406 मीटर. 10 नोव्हेंबर 1975 च्या वादळात तिथे 'एडमंड फिट्झजेराल्ड' हे 222 मीटर लांबीचं मालवाहू जहाज बुडालं आणि त्यावरचे सगळे 29 जण गेले. तुम्ही नोव्हेंबरात बोटीने जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पोहायच्या तळ्याचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून आखणी करू नका, एवढ्यासाठी हे उदाहरण दिलं.

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवत असतील. मोठ्या सरोवराकाठी तेच घडतं, फक्त पाणी गोडं. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरची गार हवा काठाकडे येते. उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवशी हा वारा साधारण सकाळी उशिरा सुरू होतो, दुपारी जोर धरतो आणि संध्याकाळी पडतो. रात्री उलटा, जमिनीकडून पाण्याकडे हलका वारा वाहतो. एवढं समजलं की निम्मं वेळापत्रक आपोआप बसतं. नाव, कयाक, मुलांचं पोहणं सकाळी. दुपारी झाडीत फिरणं, झोप, पत्ते. तंबूचं दार पाण्याकडे ठेवलंत तर दुपारभर कापड फडफडत राहील आणि वाळू आत येईल. दार पाण्याकडे नाही, बाजूला उघडेल असं ठेवा.

आता लाटांचं. वारा पाण्यावरून जितकं लांब अंतर कापून येतो, तितक्या लाटा मोठ्या होतात. तुमच्या भागात त्या ऋतूत वारा बहुतेक पश्चिमेकडून येत असेल तर पूर्व काठावर सगळ्या सरोवराची लाट येऊन आदळणार आणि पश्चिम काठाचं पाणी त्या मानाने शांत राहणार. बरोबर लहान मुलं असताना मी शांत काठ, तोही एखाद्या भूशिराआडची खाडी, निवडते. याला दोन बाजू आहेत: वारा अगदी अडलेल्या खाडीत डास साचतात. म्हणून मला पाण्याच्या जरा वर, विरळ झाडांच्या पट्ट्यात, थोडी झुळूक लागेल अशी जागा आवडते. कॅम्पग्राउंडचा नकाशा आणि उपग्रहचित्र शेजारी ठेवून हे घरबसल्या कळतं. कोणत्या क्रमांकाच्या जागेमागे झाडी आहे, कोणती उघड्यावर आहे, शौचालय किती लांब, सांडपाणी उपसण्याची जागा कुठे आहे, म्हणजे रांगेतल्या गाड्यांचा आवाज आणि वास कोणाला, हे सगळं त्यात दिसतं. दोन्ही कुटुंबांना लागून जागा हव्यात, तेव्हा बुकिंग ज्या दिवशी उघडतं त्याच दिवशी ते करा, आणि दोन-तीन पर्याय लिहून ठेवा. शनिवार-रविवार टाळता आले तर निवड बरीच वाढते.

कधी जावं? पाणी हवेच्या मागून तापतं आणि मागूनच निवतं. उन्हाळा लागला म्हणून पाणी उबदार झालं असं समजून गेलेली कितीतरी कुटुंबं मी घोट्यापर्यंत पाय बुडवून परत फिरताना पाहिली आहेत. सुपीरियरमध्ये जूनमध्येही खोल भागातलं पाणी 4 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्यावर उबदार हवा आली की दाट धुकं. पोहायचं असेल तर उन्हाळ्याचा शेवट गाठा. तेव्हा पाणी सर्वांत उबदार असतं, डास कमी झालेले असतात आणि गर्दीही ओसरू लागते. शरद ऋतू पुढे सरकला की वादळं वाढतात, तेव्हा मुलांना घेऊन तंबूत राहू नये असं माझं मत आहे. सरोवर धरणाचं असेल तर वेगळी चौकशी करा: पाणी सोडलं की काठ शेकडो मीटर मागे सरतो आणि मध्ये पाय रुतणारा चिखल उरतो.

पाण्याची पातळी नैसर्गिक सरोवरातही एका जागी राहत नाही, आणि हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. जोराचा वारा बराच वेळ एका दिशेने वाहिला की पाणी एका टोकाला लोटलं जातं आणि वारा थांबला की टबातल्या पाण्यासारखं हिंदकळत परत येतं. स्विस शास्त्रज्ञ फ्रांस्वा-अल्फोन्स फोरेल यांनी जिनिव्हा सरोवरावर याचा अभ्यास केला आणि तिथला 'सेश' हा शब्द शास्त्रात रूढ झाला. उत्तर अमेरिकेतलंच ईरी सरोवर उथळ आणि लांबट, त्यामुळे तिथे दोन टोकांच्या पातळीत काही मीटरांचा फरक पडू शकतो. 26 जून 1954 रोजी शिकागोच्या काठावर मिशिगन सरोवराचं पाणी असंच अचानक चढलं आणि धक्क्यावर मासे धरत बसलेले आठ जण बुडाले. वादळ तोवर पुढे निघून गेलं होतं. इतका मोठा प्रकार क्वचित होतो. फूट-दीड फुटाची चढ-उतार मात्र सहज होते. सुरुवातीच्या एका सहलीत मी तंबू पाण्यापासून दहा पावलांवर, सपाट वाळूत लावला होता. पाऊस नव्हता, आकाश चांदण्यांनी भरलेलं होतं, आणि पहाटे तीन वाजता चटईखाली पाणी आलं. त्या रात्रीपासून मी एक नियम पाळते: काठावर वाळलेल्या काटक्या आणि पाणवनस्पतींची जी वरची ओळ दिसते, तिच्याही बरंच वर तंबू. निसर्गाला धक्का न लावता राहण्याची शिकवण देणारे लोक पाण्यापासून 60 मीटर, म्हणजे साधारण 70 मोठी पावलं, दूर राहा म्हणतात. काठावरच्या वनस्पती आणि पाणी प्यायला येणारी जनावरं यांच्यासाठी ते अंतर आहेच, झोपणाऱ्यांच्याही हिताचं आहे. नाव किंवा कयाक रात्री नुसती ओढून ठेवू नका, झाडाला बांधा.

तंबूबद्दल थोडं. वाळूत साध्या मेखा टिकत नाहीत. पिशवीत वाळू किंवा दगड भरा, तणाव्याची दोरी त्याला बांधा आणि पिशवी हातभर खोल पुरा. किंवा जाड काटकी आडवी पुरून तिच्या मध्यावर दोरी बांधा. पक्क्या जमिनीत मेखेचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं हवं. वारा नसला तरी सगळे तणावे पहिल्याच संध्याकाळी ताणून ठेवा. रात्री दोन वाजता, कापड फुगलेलं असताना ते काम फार जड जातं. दोऱ्यांना पांढरं कापड बांधा, मुलं अडखळत नाहीत. वर बघा: वाळकी फांदी लटकत असेल तर त्या झाडाखाली तंबू नको, देखावा कितीही सुंदर असला तरी.

पाण्याकाठी दव भरपूर पडतं, आणि आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ गार कापडावर थेंब होऊन बसते. लोकांना वाटतं तंबू गळतोय आणि ते उरलेली झडपही बंद करतात. त्याने ओल वाढते. वरची आणि खालची झडप थोडी उघडी ठेवा, हवा फिरू द्या. अंगावर काय घेता यापेक्षा अंगाखाली काय आहे याने रात्रीची ऊब जास्त ठरते. जमीन उष्णता ओढून घेते, म्हणून चांगल्या गादीवर खर्च करा. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात, त्यातलं 'कम्फर्ट' हेच खरं मानून निवड करा. दुसरा आकडा गारठून का होईना रात्र निभावण्याचा असतो.

भाड्याच्या मोटरहोमबद्दल मी जास्त बोलणार आहे, कारण ते चालवण्याची सवय तुम्हाला नसेल. गाडी ताब्यात घेताना तासभर काढा. टायरवरचा चार आकडी निर्मितीचा शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. खाचा छान दिसत असल्या तरी रबर जुनं झालेलं असू शकतं. गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून चालकासमोर चिकटवा. पूल, फांद्या, पेट्रोलपंपाचं छत यांच्याशी गाठ पडतेच. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा बराच भाग असतो, तो वळताना उलट्या बाजूला झुलतो. रिकाम्या मैदानात दोन-चार वळणं घेऊन बघा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणून वाटेत टाकी काठोकाठ भरून नेऊ नका, मुक्कामाजवळ भरा. अनुभवी लोकांचा एक ठोकताळा आहे: दिवसाला 300 मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे 480 किलोमीटरपेक्षा, जास्त नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामी, आणि एका जागी निदान तीन रात्री. मुलं बरोबर असताना मी अंतर अजून कमी करते. तीनच्या आत पोचण्याचं कलम मात्र सोडत नाही. अंधारात, अनोळखी जागी, मागे घेत ती गाडी लावणं हे नव्या माणसाचं काम नाही. मागे घेताना एक जण बाहेर उभा हवा आणि तो आरशात दिसायला हवा. दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हे आधीच ठरवा.

सरोवराकाठची जमीन वरून कोरडी आणि खाली मऊ असते. गवतावर गाडी नेण्यापूर्वी चालत जाऊन टाच रुतते का बघा. खडी किंवा फरशी टाकलेली जागाच मागा. गाडी आधी समतल करा, मग चाकांना ओंडके लावा, मग बाकीचं. समतल नसेल तर गॅसवर चालणारा फ्रीज नीट काम करत नाही आणि झोपही लागत नाही. विजेच्या जोडणीची मर्यादा विचारून घ्या. उत्तर अमेरिकेत 30 अँपिअरच्या जोडणीवर 120 व्होल्टने 3600 वॅट मिळतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवणं एकदम सुरू केलं की एमसीबी पडलीच. युरोपात 230 व्होल्ट असतात, पण कित्येक जुन्या ठिकाणी 6 किंवा 10 अँपिअरच मिळतात. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी ठेवा, सांडपाण्याच्या नळीशी तिचा स्पर्शही नको. शौचालयाच्या टाकीची झडप उघडी ठेवून राहू नका. पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ तळाशी बसतो.

आणि गाडीच्या बाजूला उघडणारं छत, ऑनिंग. सरोवराकाठी मोटरहोमचं सर्वांत जास्त नुकसान याचंच होतं. सकाळी निवांत हवेत उघडलं, सगळे फिरायला गेले, दुपारी वारा उठला आणि परत येईपर्यंत नळ्या वाकलेल्या. शेवटचा माणूस जागा सोडताना ते गुंडाळेल, असा नियम करा. झोपतानाही तोच.

आता तंबू आणि गाडी एकत्र. मोटरहोम वाऱ्याच्या बाजूला आडवं लावा आणि तंबू त्याच्या आडोशाला, मध्ये दहा-बारा पावलं सोडून. स्वयंपाक, खाण्याचं सामान, ओले कपडे गाडीपाशी. तंबूत फक्त झोप. खाण्याचा एक तुकडाही तंबूत नको, उंदीर कापड कुरतडून आत येतात, आणि जिथे अस्वलं आहेत तिथे प्रश्न याहून मोठा. पण या मांडणीत एक धोका आहे, तो आधीच सांगते. जनरेटर सुरू केला तर त्याचा धूर वाऱ्याबरोबर थेट तंबूत जाईल. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही. तंबू आडोशाला असेल तर जनरेटर बंदच. शेगडी, कोळसा, गॅसचा हीटर तंबूत कधीही नाही, पाऊस असो वा थंडी. गाडीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून वाजवून बघा, तंबूसाठी बॅटरीवरचा एक घ्या.

वीज चमकू लागली तरी हीच जोडी कामी येते. तंबू विजेपासून काहीही संरक्षण देत नाही. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी पाण्याबाहेर आणि थेट पत्र्याच्या बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं तिथेच. फायबरच्या अंगाच्या मोटरहोमपेक्षा साधी पत्र्याची मोटार जास्त सुरक्षित, म्हणून दुसरी गाडी जवळच उभी करा. चमक आणि आवाज यांत तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. हे मोजायला मुलांना आवडतं, पण मोजत बाहेर उभं राहायचं नाही.

पाण्याच्या भीतीबद्दल मी हात राखून बोलणार नाही, कारण तुमच्याबरोबर पाच वर्षांचं मूल आहे. 15 अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की श्वास आपोआप धपापत ओढला जातो. डोकं पाण्याखाली असेल तर तोच श्वास पाणी आत घेतो. थंड पाण्याचे जाणकार 1-10-1 असं सांगतात: श्वास ताब्यात यायला 1 मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती 10 मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला सुमारे 1 तास. म्हणजे उत्तम पोहणाराही दहा मिनिटांत हात हलवू शकेनासा होतो, आणि पुढचा वेळ त्याला लाइफ जॅकेटच तरंगत ठेवतं. काल पाणी छान होतं म्हणून आज तसंच असेल असंही नाही. काठाकडून पाण्याकडे वारा वाहिला की वरचा उबदार थर दूर लोटला जातो आणि खालचं गार पाणी वर येतं. एका दिवसात 8-10 अंशांचा फरक पडू शकतो. रोज आधी मोठ्याने उतरून बघायचं.

मुलांची लाइफ जॅकेटं त्यांच्या वजनाप्रमाणे घ्या. घालून, पट्टे आवळून, खांद्यांपाशी धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघेल. दंडाला लावायचे फुगे हे खेळणं आहे. फुगवलेले बदक आणि गाद्या मोठ्या सरोवरावर आणूच नयेत असं मी म्हणते. वारा काठाकडून वाहत असताना पाणी काठाशी आरशासारखं दिसतं, आणि मूल बसलेली गादी माणूस पोहू शकेल त्यापेक्षा वेगाने आत जाते. मुलं पाण्याजवळ असतील तेव्हा चार मोठ्यांपैकी एकाचं नाव घेऊन पाळी लावा. 'सगळे बघत आहेत' याचा अर्थ कोणीच बघत नाही.

पिण्याचं पाणी नळाचं किंवा घरून आणलेलं. सरोवराचंच घ्यावं लागलं तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, 2000 मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं उकळा. याला एक अपवाद आहे: काठाशी हिरवा रंग सांडल्यासारखा किंवा वाटाण्याच्या दाट सारासारखा थर दिसला तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं, आणि त्याचं विष उकळून जात नाही, पाणी आटून ते उलट दाट होतं. ऑगस्ट 2014 मध्ये ईरी सरोवरातल्या अशाच थरामुळे अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं. तिथे पोहणंही नको, आणि कुत्रा बरोबर असेल तर त्याला बांधून ठेवा. कुत्री ते पाणी पितात, अंग चाटतात आणि तासाभरात मरू शकतात.

शेकोटीचं लाकूड मुक्कामाजवळच घ्या. लाकडातून कीड दूरवर पोचते. पन्ना-हिरव्या रंगाचा एक भुंगेरा 2002 मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि त्याने पुढे अ‍ॅशची कोट्यवधी झाडं मारली, त्यात सरपणाच्या वाहतुकीचा हात मोठा होता. विझवताना निखाऱ्यांवर वाळू ढकलू नका. वाळूखाली ते कित्येक तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी धावणाऱ्या मुलाचा पाय नेमका तिथे पडतो. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा.

संध्याकाळी एक करा: दिवे मालवून पाण्याकडे तोंड करून गप्प बसा. पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर न जाता खाली वाकतो, म्हणून पलीकडच्या काठावरचं बोलणंही ऐकू येतं. मुलांना हे फार आवडतं. तुमचं बोलणंही तिकडे तसंच पोचत असतं, तेव्हा रात्री आवाज हळू.

निघायच्या आधीच्या आठवड्यात एक रात्र तंबू आणि गाडी यांची तालीम घ्या, घराजवळच्या कुठल्याही मोकळ्या जागेत. तंबूवर बादलीभर पाणी ओता. गाडीत स्वयंपाक करा, झोपा, टाकी भरून उपसा. काय कमी आहे ते त्या एका रात्रीत कळतं, आणि मग सामानाची यादी तुमची स्वतःची होते. हवामान बघताना गावाचा अंदाज पुरत नाही. सरोवरावरच्या वाऱ्याचा आणि लाटांचा वेगळा अंदाज मिळत असेल तर तो बघा, नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

परतीच्या सकाळी आधी शौचालयाची टाकी उपसा, मग सांडपाण्याची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी धुतली जाते. कयाक आणि पोहण्याचं सामान धुऊन, पाणी निथळवून, पूर्ण वाळवूनच दुसऱ्या पाण्यात न्या. झेब्रा शिंपला जहाजांमधून आला, 1988 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला आणि पुढे नावांना चिकटून सरोवरामागून सरोवर पसरत गेला. तंबू ओला गुंडाळावा लागला तर घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी उघडून पसरा. दोन दिवस तसाच राहिला तर बुरशीचा वास लागतो, आणि तो धुऊनही जात नाही.